मोकळेपणाचं ड्रॉईंग

शनिवार, १ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी.
काम: कबड्डीचा पॉडकास्ट. नाव ‘मध्यरेषेवरून’. आमच्या असल्फ्याच्या वेताळ क्रीडा मंडळाच्या चाहत्यांसाठी. बोलणारे दोघे, मी आणि बेसिल. सून श्वेता म्हणाली, पप्पा, ‘कट्टा’ ठेवा, सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच ठेवलं नाही.
बेसिल म्हणजे वेताळचा जुना चढाईपटू, मरोळ गावठाणातला. तो मैदानात दम घुमवायचा आणि मी रेषेबाहेर उभा राहून घसा फोडायचो, तेव्हापासूनची दोस्ती. दर रविवारी चर्च सुटलं की सरळ आमच्याकडे. येताना बांगडे नाहीतर बोंबील आणतो, माझी बायको रुक्मिणी ते करते, आम्ही जेवतो आणि भांडतो.
खरं कारणही लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे. नाताळ झाला की बेसिल लेकीकडे, क्लॅरिसकडे, वसईला कायमचा जाणार. एवढ्या लांबून म्हातारा नुसता जेवायला दर रविवारी येईल? नाही येणार. कामाला मात्र येईल. माणूस कामाने बांधलेला राहतो. म्हणून नाताळपर्यंत पॉडकास्ट असा जमला पाहिजे की बेसिलला सुटताच येऊ नये.
भरपूर वेळ आहे.

रविवार, २ नोव्हेंबर
पहिलं रेकॉर्डिंग. झकास झालं.
श्वेताने हेडफोन लावून ऐकलं आणि विचारलं, पप्पा, कोण गेलं? म्हटलं, कुठे कोण गेलं? म्हणाली, नाही, तुम्ही दोघं शोकसभेत बोलल्यासारखे बोलताय म्हणून विचारलं.
मी सुरुवातीला ‘कबड्डी या खेळास थोर परंपरा लाभली आहे’ असं म्हटलं होतं. त्यावर बेसिल ‘होय, लाभली आहे’ म्हणाला आणि थांबला. मग बराच वेळ नुसता पंखा ऐकू येतो.
श्वेताचं म्हणणं, पॉडकास्ट रिलॅक्स हवा. दोन माणसं गप्पा मारताहेत आणि आपण शेजारी बसलोय असं वाटलं पाहिजे.
ठीक आहे. दोष कळला म्हणजे अर्धं काम झालं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
दोन दिवस लोकांचे पॉडकास्ट ऐकले. लक्षात आलं की ही पोरं एकमेकांना मध्येच तोडतात, विनाकारण हसतात, ‘अरे यार’ म्हणतात आणि विषय सोडून वडापाववर जातात.
आता हे सगळं आपोआप होईल अशी वाट बघत बसणारा मी नव्हे. साकीनाक्याच्या वर्कशॉपात उभा जन्म लेथवर गेला. ड्रॉईंगशिवाय जॉब मशीनवर चढवला नाही. बेअरिंगला थोडा प्ले, म्हणजे हलायला जागा, लागतोच, नाहीतर जाम होतं. पण तो प्लेसुद्धा ड्रॉईंगवर लिहिलेला असतो. तेव्हा मोकळेपणाचंही ड्रॉईंग काढायचं.
काढलं. नमुना:
सहदेव: (सहज) परवाची मॅच बघितलीस का रे?
बेसिल: (मध्येच तोडत) अरे यार, काय विचारू नकोस!
दोघे: (हसतात. मध्यम.)
रुक्मिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘तुमका हसाक पण कागद लागता?’ तिला या गोष्टीतलं कळत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
एक गोष्ट माझ्या ध्यानातच नव्हती. बेसिल चर्चमध्ये मिस्साच्या वेळी बायबलचा पाठ वाचतो. वर्षानुवर्षं. त्यामुळे हातात कागद आला की त्याचा आवाज आपोआप वेदीवरचा होतो.
‘अरे यार’ त्याने असं म्हटलं की मी हात जोडले. वडापावचा भाग वाचताना तर अंगावर काटा आला. आणि शेवटचं वाक्य संपल्यावर मान खाली घालून, सवयीने, ‘हा प्रभूचा शब्द’. माझ्या तोंडून ‘आमेन’ गेलं.
श्वेता म्हणाली हे कापते. बेसिल म्हणाला, नको गं, तेवढाच एक भाग बरा झाला.
उपाय: कागद बंद. पाठांतर.

रविवार, १६ नोव्हेंबर
पाठांतर मला चोख आलं. बेसिलला नाही. त्याला त्याची वाक्यं सोडून माझी पाठ झाली होती. मी काही म्हणायच्या आत तोच ते म्हणायचा आणि मग दोघंही गप्प.
‘मना नाय जमत रं,’ म्हणाला. मी धीर दिला. म्हटलं, तुला काही लक्षात ठेवायचंच नाही. टेबलाखालून पायाने खूण करीन. एकदा दाबला की हसायचं, दोनदा दाबला की मला तोडायचं.
ही युक्ती मला जिन्यावरून पाणी भरून आणताना सुचली. डोकं अजून चालतं.

रविवार, २३ नोव्हेंबर
बेसिलच्या उजव्या पायाला कुरूप आहे हे त्याने आधी सांगायला हवं होतं.
पहिल्याच विनोदाला त्याने जी बोंब ठोकली, ती ऐकून शेजारची उत्तराताई तवा हातात घेऊन धावत आली. वेताळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं की हा एपिसोड जिवंत वाटला. अपवाद म्हणून सोडून देतो.
पण आज एक शोध लागला. रेकॉर्डिंग बंद करून जेवायला बसलो आणि नेहमीप्रमाणे आंगठ्यावर आलो. आंगठा म्हणजे बेसिलचा. घाटकोपरच्या त्या फायनलला शेवटच्या चढाईत त्याने बोनस रेषेवर पाय टाकला. पंचाने बोनस दिला नाही. वेताळ एका गुणाने हरलं. बेसिल म्हणतो आंगठा रेषेपलीकडे गेला होता. मी रेषेला नाक लावून उभा होतो. आंगठा एक सूत मागे होता. लेथवाल्याची नजर आहे, सूतभराची चूक करत नाही. इतकी वर्षं दर रविवारी हेच. आजही तो ताटावरून उठला, लादीवर खडूने रेषा ओढली, पाय टाकून दाखवला, मी पट्टी आणली, तो म्हणाला पट्टी तुझ्यासारखी वाकडी आहे, मी म्हटलं आंगठा तुझा वाकडा, रुक्मिणी म्हणाली खडू पुसा आधी.
श्वेता दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, ‘हेच! पप्पा, हेच पाहिजे मला!’
मी ताबडतोब सगळं भांडण आठवून लिहून काढलं. पुढच्या रविवारी करायचं.

रविवार, ३० नोव्हेंबर
भांडण फसलं.
माझ्याकडून सगळं बरोबर होतं. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, पट्टीही तयार होती. बेसिलने ‘आंगठा पलीकडे होता’ म्हणायची वेळ आली तेव्हा त्याने पट्टी बाजूला सारली आणि म्हणाला, ‘ऱ्हाव दे रं सहदेव. तुजाच खरा.’
ड्रॉईंगमध्ये हे नव्हतं.
नंतर विचारलं, असं का केलंस? म्हणाला, किती थोडे रविवार उरलेत, ते काय खोटं भांडण्यात घालवायचे?
उरलेत म्हणजे काय? मी त्याचीच तर सोय करतोय.

रविवार, ७ डिसेंबर
बेसिलने चहा अर्धा ठेवला. दोनदा घड्याळ बघितलं. एपिसोड ऐकणाऱ्यांत बहुतेक आम्हीच. दम धरायला हवा. सवय होईल.

रविवार, १४ डिसेंबर
आज बेसिलने सांगून टाकलं. दारात चपला घालताना, माझ्याकडे न बघता. म्हणाला, ‘तू वाईट वाटून घेऊ नको. पण हल्ली मिस्सा संपत आला की मना वाटतं, अजून थोडा चालावा. आता सहदेवच्या घरी जायाचं, हसायचं, तोडायचं. आधी मी इथं येताना शीळ वाजवीत यायचो.’
मी म्हटलं, नाताळनंतर थोडं सोपं ड्रॉईंग काढू.
म्हणाला, ‘नाताळनंतर मी वसईला हाय. आता हा तुझा नाटक बास.’
रुक्मिणी आतून सगळं ऐकत होती. मला वाटलं टोमणा मारेल. नाही मारला. ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. तेच जास्त लागलं.

रविवार, २१ डिसेंबर
बेसिल आला नाही. फोन आला, घरात सामान बांधणं चाललंय.
बांगडे बाजारातून मीच आणले. रुक्मिणी म्हणाली, शिळे आहेत.

गुरुवार, २५ डिसेंबर
मरोळला नाताळच्या शुभेच्छा द्यायला गेलो. घरभर खोकी. क्लॅरिसने करंज्या, केक पुढे ठेवला, म्हणाली, अंकल, आता तुम्हीच वसईला यायचं हां. गोड मुलगी आहे. तिचा मला फार राग आला.
बेसिलशेजारच्या खोक्यावर टेकलो. सवयीने मनात वाक्यं जुळवत बसलो: सहदेव (सहज)… तोही खोक्याला दोरी बांधत बसला. निघताना म्हणाला, रविवारी येतो, वयनीला भेटून जातो.
वयनीला. म्हणजे रुक्मिणीला.
येताना उघड्या रिक्षात वारा लागला. घसा खवखवतोय.

रविवार, २८ डिसेंबर
आवाज गेला. पूर्ण. तोंड उघडलं की भात्यातून निघावी तशी नुसती हवा.
आणि आजच बेसिल निरोप घ्यायला येणार! शेवटची संधी म्हणून मी फार नामी ड्रॉईंग काढलं होतं, फक्त एका पानाचं. श्वेताला खुणेने सांगितलं, माइक लाव. तिने ओट्याजवळच्या स्टुलावर लावला, कारण बेसिल तिथेच पाटावर बसला होता, रुक्मिणी मासे साफ करत होती. मला रुक्मिणीने कोपऱ्यात बसवलं, पुढ्यात गरम पाण्याचं पातेलं आणि डोक्यावर टॉवेल. ‘गप रवा आणि वाफ घेया,’ म्हणाली. गप तर होतोच.
टॉवेलखालून ऐकत होतो. रुक्मिणी वेताळच्या नव्या चढाईपटूबद्दल म्हणाली, ‘मेलो चढाई करता की हरवलेली चप्पल शोधता?’ बेसिल असा हसला की पाट वाजला. मग तिने विचारलं, तुम्ही आत गेल्यावर सगळे अंगावर पडत, तेव्हा भीती नाही वाटायची? बेसिल म्हणाला, वाटायची ना. दम घुमवतो ना आम्ही, ते भीतीला आतच ठेवायला.
मी त्याला कधी हे विचारलंच नव्हतं. माझ्या ड्रॉईंगमध्ये प्रश्न होते, ते सगळे गुणांचे.
मग रुक्मिणी म्हणाली, ‘आता जातास तर खरा सांगा. आंगठो पलीकडे गेललो काय नाय?’
बेसिल म्हणाला, ‘नाय गं वयनी. मागंच होता. सूतभर. मना पाय पडल्या पडल्या कळला होता.’
मी टॉवेलखाली ताठ झालो.
‘पण त्याला सांगू नको हां,’ बेसिल पुढे म्हणाला. ‘मी कबूल केला असता तर दर रविवारी यायाला कारण काय ऱ्हायला असता?’
मी तिथे चार हातांवर होतो! तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं बरोबर असणं ओठांवर आलं आणि बाहेर पडली नुसती हवा. मग काय झालं कोण जाणे, हसूच यायला लागलं. तेही आवाजाविना. पातेल्यातलं पाणी हललं एवढंच. टॉवेल बाजूला केला तर दोघं माझ्याकडेच बघत होते, आणि बेसिलने डोळा मारला.

गुरुवार, १ जानेवारी
श्वेताने रविवारचं सगळं न कापता टाकलं. ग्रुपवर धुमाकूळ. मरोळ, भांडुप, कुठे कुठे लोकांनी ऐकलं. ‘या मावशी कोण?’ ‘असं वाटलं आपण ओट्यावर बसलोय.’ ‘पुढचा कधी?’
माझा घसा सुटत आलाय. पुढच्या भागाची आखणी करायला घेतो. माझी मेहनत फळाला आली.

रविवार, ४ जानेवारी
बेसिल आला! वसईहून! हातात केळ्यांचा घड आणि पालेभाजी. जिन्यात शीळ ऐकू आली तेव्हाच मी दार उघडलं.
मी रुक्मिणीसाठी सोपं ड्रॉईंग काढून ठेवलं होतं. तिने त्याच्यावर गरम टोप ठेवला.
मी माइकजवळ बसायला गेलो तर श्वेता म्हणाली, पप्पा, तुम्ही बटण सांभाळा ना प्लीज. कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. बरोबर आहे. शेवटी यंत्राची जाण घरात मलाच. मी कोपऱ्यात, माझ्या जुन्या जागी. हुद्दा: सल्लागार.

रविवार, १८ जानेवारी
बेसिल आला. त्याचा आणि रुक्मिणीचा ‘कट्टा’ छान चाललाय. हो, नाव बदललं. सोपं आहे.
रेकॉर्डिंग संपल्यावर आम्ही दोघं आंगठ्यावरून भांडलो. बेसिल म्हणाला, पलीकडेच होता, मी तसं कधी बोललोच नाही, तुझ्या कानात वाफ गेली होती. पट्टी आणली. फार बरं वाटलं.

शुक्रवार, २३ जानेवारी
श्रोत्यांचे निरोप वाचले. एकाने लिहिलंय: ‘गप्पा एक नंबर. फक्त तुमचा माइक बिघडलाय. काका-मावशी काही गमतीचं बोलले की मागून पंक्चर झालेल्या टायरसारखी हवा जाते. प्रत्येक भागात.’ त्याखाली आणखी पुष्कळांनी लिहिलंय की हो, आम्हालाही ऐकू येते.
श्वेता काळजीत. म्हणाली, पप्पा, तुम्ही बटणाजवळ असता, तुम्हाला काही कळलं का? वायर ढिली आहे का?
म्हटलं, बघतो.
वायर बघितली. वायर चांगली आहे. घसाही डॉक्टरांना दाखवला, तोही चांगला आहे. हसू मात्र त्या टॉवेलच्या दिवसापासून तसंच राहिलंय, नुसती हवा.

रविवार, २५ जानेवारी, सकाळी
माइक ठीक केला, असं श्वेताला सांगितलं. आज हसू आलं की तोंडात धरायला टॉवेल काढून ठेवलाय. चौघडी घालून मापून बघितला. बरोबर बसतो.
बेसिल वसईहून निघालाय.