शेवटची गाठ

कार्तिक शुद्ध त्रयोदशी, शके १६९२

सगळ्यांत आधी टपकल्या त्या विहीणबाई, तुळजाबाई. माझी चूलसुद्धा मांडून व्हायची होती. नारायण पेठेतून आमची बाळंतीण सून आनंदी आणि तान्हा नातू, दोघांना गाडीत घालून संगमावर घेऊन आल्या आणि फळीवर पाय टाकायच्या आधीच म्हणाल्या, घराला भिंती असतात असं आम्ही ऐकून होतो. मी म्हटलं, अहो, भिंती आहेत की, नुसत्या हलतात! मग हसल्या. पण बसल्या त्या काठाकडे तोंड करून.

तर आम्ही नावेवर राहायला आलो. एका सरदारांना कोकणात शिडाची हौस लागली, म्हणून तिकडचे सुतार आणवून ही नाव इथंच बांधून घेतली. स्वतः बसतात कधी सणासुदीला. राखायला मात्र वस्तीचा माणूस हवा. ते काम माझ्या मुलाला, सोनबाला मिळालं. धुणं धुणाऱ्या बायका शीड बघून विचारतात, एवढं धोतर नेसतं तरी कोण?

माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. लहानपणी कुलकर्ण्यांच्या घरी भांडी घासायला जायचे, तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी राखेत गिरवून घेतलं, तेवढंच. कागद सरदारांच्या कारकुनानं नासलेले. नातवासाठी लिहून ठेवते. त्याला कळू दे, आजी कुठं कुठं राहून आली.

कार्तिक पौर्णिमा

काल संध्याकाळी काठावर कुणीकुणी दिवे सोडले, ते आमच्या नावेला येऊन टेकले. नातवानं डोळे मोठ्ठे केले. त्याच्या पाळण्याचं विणकाम आज पुरं झालं. तागाचा सुतळीदोरा, गोल तळ, चारी बाजूंनी गोंडे. डोलकाठीच्या आडव्या वाशाला टांगलाय, वारा आपला आपणच झोका देतो. फुकटची दाई!

एक गोष्ट. आमच्या भोयांत जाळं पुरं करत नाहीत. शेवटची गाठ न मारता दोरा मोकळा सोडतात. ती गाठ नदीची. तिचं काही अडकलं तर तिला परत नेता यावं. सासूबाई तर म्हणायच्या, तिची वाट बांधलीस तर ती दारानं येईल. पण पाळणा म्हणजे काही जाळं नव्हे. भोक ठेवून त्यात पोर निजवू की काय? आनंदी जरा चाचरली, राहू द्या ना म्हणाली. मी गाठ मारली आणि दोनदा आवळली.

वद्य द्वितीया

बारसं झालं! घुगऱ्या पुरल्या, सुंठवडा उरला. तुळजाबाई म्हणाल्या, लोकांच्या बारशात माणसं पान खाऊन डुलतात, तुमच्या इथं न खाताच.

आत्या कोण व्हायचं हा घोळ होता, मला मुलगी नाही. तेवढ्यात तुळजाबाईंबरोबर आलेल्या बायकांतून एकजण पुढं आली. हिरवं लुगडं, केस नुकते न्हाल्यासारखे. मी होते म्हणाली. विहिणीकडचं मानाचं माणूस, नाही कसं म्हणणार? पाळण्याखालून बाळ घ्यायला तीच बसली. खालून वर द्यायला तिला जरा वेळच लागला. मग कानात नाव सांगितलं. आम्ही ठरलेलं नाव, गेनबा, म्हणून तिच्या पाठीवर बुक्के मारले आणि हसलो.

निघताना पाळण्यावरून हात फिरवून म्हणाली, आजी, शेवटची गाठ माझी राहिली होती ना? मला वाटलं, विणायला शिकायचं असेल. म्हटलं, पुढच्या खेपेला शिकवीन. म्हणाली, अवसेला येते, घरच्या सगळ्यांना घेऊन. त्यांनी बाळाला पाहिलं नाही. मी म्हटलं, अवश्य या, पुरण घालीन.

वद्य चतुर्थी

पाळणा ओला. बाळ कोरडं, पाळणा मात्र पिळावा इतका ओला. शेवाळाचा वास.

तुळजाबाई विसरलेलं तबक न्यायला आल्या. सहज बोलल्या, तुमची ती पुतणी की भाची, आत्या झालेली, फार गप्प हो. मी म्हटलं, ती तुमची ना? तुळजाबाईंनी तबक खाली ठेवलं. टोमणा मारला नाही.

वद्य सप्तमी

रडत नाही. दूध पितो, पण हाताची बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. गेनबा म्हटलं की बघत नाही. एवढ्या लहानाला काय कळतंय म्हणा. पण नावेच्या बुडाला पाणी थापटलं की मान वळवतो. हसतोसुद्धा.

वद्य नवमी

तुळजाबाई त्याला पेठेत न्यायला आल्या. फळीच्या टोकाला पोहोचल्या आणि पोर निळं पडलं. श्वास नाही. मागं आणलं, श्वास आला. पुन्हा नेऊन पाहिलं. तसंच. तुळजाबाई काठावर बसून रडल्या. आम्ही वर, त्या खाली.

वद्य एकादशी

सोनबानं शीड चढवलं. वारा चांगला, शीड टम्म फुगलं. दोर सोडला, नांगर उचलला. नाव जागची हलली नाही.

वद्य द्वादशी

गाठ सोडायला बसले. माझ्या हातची गाठ, मला सुटेना. विळीनं कापायला गेले. एक धागा तुटला आणि बाळाच्या तोंडातून पाणी आलं. दुसरा तुटला, आणखी पाणी. गढूळ. आनंदीनं माझा हात धरला. विळी टाकली. दुपारी बघते तो धागे पूर्ववत.

वद्य त्रयोदशी

पाळण्यातून काढून मांडीवर घेतलंय. तरी अंगावर जाळ्याचे वळ उठतात. माझ्याच विणीचे, ओळखीचे. पाठ, गाल, पापण्या —

वद्य चतुर्दशी

कानात काय नाव सांगितलं ते कळलं तर बाळ आपलं होईल, असं आनंदी म्हणते. सकाळपासून सगळी नावं घेतो आहोत. देवांची, नद्यांची, मेलेल्यांची. एकालाही ओ नाही. सोनबा पाण्याकडे तोंड करून विचारतोय. माझा सोनबा, पाण्याला अहो-जाहो करतोय —

अवस

आज येते म्हणाली होती. ऊन लख्ख आहे. काठावर चिटपाखरू नाही. आनंदीनं बाळाला पदरात बांधलंय, सोनबा फळी ओढून घेतोय. निघत नाही ती.

पुरण घातलं नाही. रागावतील का —

फळी दबली. पुन्हा दबली. ओली पावलं, एकामागं एक, पुष्कळ. बाळ मान वळवून हसतंय.

सगळ्यांत आधी आली ती —