पाणबुडीचा चार्ज

प्रिय नाना,

काल डबल ड्युटी मारून घरी आले. माझ्या जागी पुढच्या पाळीला येणारी रिलीव्हर आलीच नाही. सकाळी सातला लॅबमध्ये उभी राहिले ती रात्री अकराला सुटले. आज सुट्टी, वाटलं दिवसभर पडून राहावं. पण आई ती आईच! म्हणाली, "उद्या रंगवाला येतोय, माळा रिकामा कर." तुम्ही गेल्यापासून सहा महिने त्या माळ्याला कुणी हात लावला नव्हता. तिथं तुमची डब्याची पिशवी सापडली आणि पिशवीत आपला व्हिडिओ गेम. म्हणून हे पत्र.

आठवतो का? मी तरी काय विचारतेय! राखाडी, हातात जड लागणारा, मागे चिनी अक्षरं. तुमच्या प्लांटमधल्या नवापूरच्या काकांनी दिलेला. त्यांच्या भावानं बोटीवरून आणला होता. "आमी काय करू याचं? बंद हाय. तुमची पोर हुशार हाय, तिला द्या." हुशार पोरीला काही जमलं नाही. तुम्हीच सेलच्या स्प्रिंगा घासल्या आणि तो चालू झाला.

आज बोईसर स्टेशनजवळच्या मोबाईलवाल्याला दाखवला. त्यानं उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, ये कौनसी कंपनी का है? नेट पे भी नहीं मिल रहा." साफ करून सेल घातले, तर तीच कर्कश ट्यून! "चल तो रहा है, लेकिन इसमें सेव कुछ नहीं होता," म्हणाला. त्याला काय सांगू, नाना? सेव्ह होत नव्हतं म्हणून तर डायरी होती!

चार गेम होते, पण आपला पाणबुडीचा. बंद केला की पुन्हा पहिल्या लेव्हलपासून. म्हणून तुम्ही प्लांटची, पाळी बदलताना चार्ज द्यायची-घ्यायची शिस्त घरात आणलीत. गेम थांबवून ठेवायचा, बंद करायचा नाही. जाणाऱ्यानं डायरीत लिहायचं, "लेव्हल नऊ, जीव तीन, सेल ठीक. चार्ज दिला." येणाऱ्यानं खाली लिहायचं, "चार्ज घेतला," आणि सही. तुम्ही नाईट करून आलात की मी शाळेत, मी आले की तुम्ही कामाला निघालेले. आई म्हणायची, "बापलेकीची भेट होत नाही, सह्या मात्र रोज होतात!"

सेल आठवडाभर पुरायचे. तेवढ्यात चाळीस लेव्हल पार केल्या की पाणबुडी किनाऱ्याला लागते, असं काका सांगायचे. आपलं कधी जमलं नव्हतं. माझ्या दहावीच्या वर्षी मात्र अडतिसाव्या लेव्हलवर पोहोचलो होतो.

आणि मग तो रविवार. नाईट संपवून तुम्ही साडेसातला येणार, मग आपण तिघं एडवणच्या समुद्रावर जाणार. आईनं पहाटे उठून दशम्या केल्या होत्या. दहा वाजले, बारा वाजले. तुमचा रिलीव्हर आला नव्हता. बॉयलर सोडून माणूस येत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी मी फणकाऱ्यानं गेमचं बटण दाबलं आणि बंद केला.

तुम्ही चारला आलात. डोळे लाल, शर्टावर मिठाचे डाग. मी म्हटलं, "सेल संपले." तुम्ही म्हणालात, "असू दे." एवढंच! मला वाटलं, पटलं तुम्हाला. आठवडाभर मी डायरीला हात लावला नाही. मग परीक्षा आली, मग होस्टेल. गेम माळ्यावर कधी गेला तेही कळलं नाही.

आज गेमबरोबर सापडलेली ती डायरी माळ्यावरच उघडली. शेवटचं पान तुमच्याच अक्षरात.

"गेम बंद सापडला. सेल एकेक करून भिंतीवरच्या घड्याळात घालून पाहिले. चांगले आहेत. एक घड्याळातच राहू दिला, गेममध्ये नवे घातले. रिलीव्हर न आल्यानं उशीर झाला. पोरीचा राग बरोबर आहे. गेम नव्यानं लावून ठेवला आहे. लेव्हल एक, जीव तीन. चार्ज दिला."

खालची ओळ कोरी.

बंद पडलेलं ते घड्याळ त्याच आठवड्यात चालू झालं होतं, नाना! मी रोज त्यात बघून शाळेला जात होते आणि एकदाही मनात आलं नाही की सेल कुठून आला. लाज वाटली. माळ्याच्या शिडीवरच बसून रडले.

एकदा माझ्यावर ओरडायचं तरी होतं तुम्ही! डायरी माझ्या पुढ्यात टाकायची होती. इतकी वर्षं कुणाच्या सहीची वाट बघत राहिलात? रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे मला शिकवणारे तुम्ही, आणि शेवटी स्वतःच सोडलीत.

काल संध्याकाळी आईचा फोन आला होता, "कधी येतेस गं?" मी म्हटलं, "रिलीव्हर नाही आली." तेव्हा पाय इतके दुखत होते की भिंतीला टेकले, आणि तुमचा तो चारचा चेहरा आठवला. खूप उशिरा कळलं सगळं.

आता एक वचन देते. रोज ड्युटीवरून आल्यावर, कितीही थकले तरी, जमतील तेवढ्या लेव्हल खेळेन. हरले तर हरले असंच लिहीन, खोटं लिहिणार नाही. आणि पाणबुडी किनाऱ्याला लागली, की आईला घेऊन एडवणला जाईन. दशम्या मी करेन.

तुमच्या ओळीखाली आत्ताच लिहिलंय. उशीर झाल्याची नोंदही केली आहे.

लेव्हल एक, जीव तीन, सेल नवे. चार्ज घेतला.

तुमची रिलीव्हर,
मनीषा