काचेच्या खोलीचं झबलं

४ मे

चि. शिंपीबुवांस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोक्याला हात लावला. वादळांचे दिवस तोंडावर आलेत आणि तू मागच्या काचेच्या खोलीला ताडपत्रीचं झबलं शिवतो आहेस! वर काजं-बटणंही लावणार म्हणे. कॉलर विसरू नकोस हो.

अरे, मी ऑफिसात रोज घरांचे नकाशे तपासते. कापड सापडलं की वारा त्यात शिरतो, ते फुगवतो आणि कापडाबरोबर चौकटही उचलतो. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून ठेवल्यास, त्यांचाही उपयोग शून्य. बाहेरून प्लायवूडच्या फळ्या लाव, स्क्रूने घट्ट आवळ आणि वादळांचे दिवस सरेपर्यंत काढू नकोस. कुंड्या, खुर्च्या आत घे. मुख्य म्हणजे आईला तिथून हलव. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा पलंग काचेच्या पेटीत मांडणारा मुलगा शोधून सापडायचा नाही.

लोभ आहेच, तुझ्या अकलेवर नाही एवढंच.
ताई

१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ज्ञानामृत पोचलं. तू नकाशातली घरं बघतेस, त्यांत माणसं काढलेली नसतात. म्हणून सांगतो, आई तिथे हवा खायला बसत नाही. दुकानातल्या शर्टांची काजं अजून तीच करते, आणि सुईत दोरा तिला फक्त त्या उजेडात ओवता येतो. परवा आत दिव्याखाली बसवलं, तर बाईसाहेबांनी शर्टाची बाही स्वतःच्या पदराला शिवून टाकली. रात्री एवढंच म्हणाली, की हातातलं काम गेलं की तिला जेवण वाढायचीही गरज नाही.

तुझ्या फळ्या चार-पाच महिने ठोकल्या तर ती अंधारात काय करणार? म्हणून झबलं. वादळ आलं की घालायचं, गेलं की काढायचं. उद्या बसवतोय. हसायचं तेवढं हसून घे.

मोठेपणा आहेच तुझ्याकडे, थोडी मायाही असू दे.
तुझा भाऊ

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढचंही लिहितो. काल झबलं चढवलं. संध्याकाळी साधा वारा सुटला. ते टम्म फुगलं आणि एक चौकट घेऊन परसात गेलं. काच पलंगावर पडली. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. एकही बटण तुटलं नाही, हे मात्र ध्यानात घे.

२० मे

चि. बटणबहाद्दरास,
अ. उ. आ.

बटणांचं कौतुक पुरे. ती काच आईच्या अंगावर पडली असती तर काय केलं असतंस, रफू?

उजेडाचं आधीच लिहायचंस. चौकटीत बोल्ट कायमचे बसवून घे. फळ्यांना त्याच जागी भोकं पाड. वादळाचा इशारा आला की फळ्या बोल्टवर अडकवायच्या, हाताने नट फिरवायचे. वारा पडला की उतरवायच्या. अर्ध्या तासाचं काम. आईलाही उजेड मिळेल. एवढं साधं सुचू नये? मी यायला हवं होतं, पण इथे रजेचं नाव काढायची सोय नाही.

अक्कल वापरलीस तर लोभ वाढेल.
ताई

१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती चोख निघाली, हे नाइलाजाने लिहितो. उडालेली चौकट नवी करून बोल्ट बसवले. दोन वादळं येऊन गेली, एकही काच तडकली नाही. आई पुन्हा उजेडात बसून काजं करते आणि माझ्या शिलाईला नावं ठेवते.

पण अर्ध्या तासाचं काम म्हणालीस ना, ते कागदावर. फळी माझ्यापेक्षा उंच आहे. एकाने ती चौकटीशी दाबून धरायची, तेव्हा दुसऱ्याला नट फिरवता येतो. शेजाऱ्याला बोलावलं, पण त्या घटकेला त्यालाही स्वतःचं घर बंद करायचं असतं. घरात आम्ही दोघंच. दुसऱ्या बाजूला कोण उभं असतं, हे तू विचारलं नाहीस. आई असते. नको म्हटलं की मला ढकलून पुढे होते. मागच्या खेपेला वाऱ्याने फळी हलली आणि तिचा हात चेमटला. बोटं सुजली आहेत, तरी सुई सोडत नाही.

तुला कळवू नको म्हणाली. कळवून काय होणार, ती आणखी एक पत्र लिहील, असं म्हणाली.

रागावू नकोस, पण लपवणं जड जात होतं.
तुझा भाऊ

२१ जून

चि. भावास,
अ. उ. आ.

आईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. तिचं काही चुकलं नाही. मला माझीच लाज वाटली.

साहेबांनी रजा नाकारली. मी अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच ठेवून आले. पिशवी भरली आहे. मी पोचायच्या आत इशारा आला, तर आईला आतल्या खोलीत बसव आणि फळ्यांना हात लावू नकोस. काचा फुटल्या तर फुटू देत, त्या पुन्हा आणता येतात.

लोभाचं समोरासमोर बघू. या पत्राला उत्तर पाठवू नकोस, मी इथे नसेन.
ताई