सरळ केलेली फ्रेम

प्रिय टिल्लू,

तू आता माझ्यापेक्षा बोटभर उंच आहेस, तरी तोंडात हेच नाव येतं. समोर बसूनच बोललो असतो, पण माझा आवाज कधी चढेल याचा मलाच भरवसा नाही. म्हणून दुपारच्या सुट्टीत दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. चित्त थाऱ्यावर नाही. सकाळी एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बाकी दुकान ठीक. आपले ते नेहमीचे गिऱ्हाईक आजोबा परवा पुन्हा स्वतःच्या चष्म्यावर बसले आणि पुन्हा खापर खुर्चीवर फोडलं. बसून बिघडलेली फ्रेम चपटी होते, दोन्ही काड्या फाकतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी महिन्यापूर्वी तू मैत्रिणीचा चष्मा घेऊन आलास आणि ती त्यावर बसली म्हणालास. एकच काडी बिजागरीत पिळलेली होती, नाकाकडची गादी आत दाबलेली. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं. उलट पोरगा बापाकडे काम घेऊन आला म्हणून खूश झालो.

काल तोच चष्मा परत आला. या वेळी तीही आली, कारण फ्रेम कानावर बसवून बघावी लागते. मी दोन्ही हात तिच्या कानांकडे नेले, तर तिने डोळे गच्च मिटून खांदे वर घेतले. तू जमिनीकडे बघत होतास. तुझ्या हातात तिच्यासाठी आणलेलं चॉकलेट होतं.

टिल्लू, ते आखडलेले खांदे मी ओळखतो. तू नऊ वर्षांचा असल्यापासून मी हात जवळ नेला की तूही असाच व्हायचास. मारून झालं की मी तुझा चष्मा दुकानात आणायचो, फ्रेम गरम करून सरळ करायचो, येताना आइस्क्रीम घ्यायचो. तो तुझ्या डोळ्यांवर चढवला की मला वाटायचं, चला, मिटलं. माफी एकदाही मागितली नाही. ती आज मागतो. माझे वडील मला पट्ट्याने मारायचे, म्हणून मी आयुष्यात उभा राहिलो, असं मी आल्यागेल्याला सांगत आलो. साफ खोटं. दारात त्यांची चप्पल वाजली की मला लघवी लागायची. आणि तू चौदाचा झाल्यावर मी थांबलो, ते शहाणपण आलं म्हणून नव्हे. तू माझ्या खांद्याला लागलास, आणि मला तुझी भीती वाटली. तुझी आई बिचारी समजते की मी सुधारलो.

खाण तशी माती म्हणतात. खाण मीच, हे कबूल. पण त्या मुलीवर उठला तो हात तुझा आहे आणि त्याचा जाब तुलाच द्यावा लागेल.

हे पत्र आई तुझ्या हातात देईल, तेव्हा मी त्या मुलीच्या आईसमोर बसलेला असेन. जे पाहिलं ते सांगणार आहे, आणि तू कुणाकडून शिकलास तेही. पोरीने मला एका शब्दाने काही सांगितलेलं नाही, तेव्हा राग येईल तो माझ्यावर काढ. तिला फोन करू नकोस, तिच्या घराकडे जाऊ नकोस. दवाखान्यात मुलांशी बोलणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे गुरुवारी पाचची वेळ घेतली आहे, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही. तू येशील की नाही, माहीत नाही. पुन्हा कधी माझ्याशी बोलशील की नाही, याचीही धास्ती आहे. बापाने पोराच्या पाठीशी उभं राहावं, आणि मी निघालोय त्याच्याविरुद्ध सांगायला. पण तुझ्या लहानपणी कुणीतरी माझ्याबद्दल असंच सांगायला हवं होतं. आपल्या घराची भिंत पातळ होती. शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं, आणि कुणीही आलं नाही.

तुझाच,
बाबा