बिननावाचं खोकं

प्रिय हेडबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे आधी बाजूला ठेवलं असशील आणि हातातली कामं उरकल्यावर उघडलं असशील. घाबरू नकोस, तक्रारीचं पत्र नाही. भांडायचं ते आपण समोरासमोर पोटभर भांडून घेतलं, आता त्यात टपालखात्याला कशाला ओढायचं? भिंगरी फोनवर येत नाही, त्याचा दोषही मी तुला देत नाही. तू तिला हाक मारतेस ते मला ऐकू येतं. ती "नको" म्हणते, तेही ऐकू येतं. नऊ वर्षांच्या पोरीच्या हिशेबात बाप घर सोडून गेला एवढंच खरं असतं. आपलं दोघांचं पटेनासं झालं होतं, रोजच्या कटकटीपेक्षा वेगळं राहिलेलं बरं, हे तुला-मला कळतं. तिला का कळावं?

इथलं म्हणशील तर ठीक आहे. कामाच्या दुकानावरचीच खोली मिळाली आहे. पलंगाला टेबल इतकं चिकटून आहे की जेवता जेवता लवंडायची सोय आहे. काम तेच, पायात दोष असलेल्यांसाठी बूट. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा सपाट, कुणाला बोटंच नाहीत. मालक म्हातारा आहे आणि त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे दिवसभर आम्ही दोघं आपापल्या बुटात तोंड खुपसून बसतो. संध्याकाळी शटर खाली आलं की मग मला बोलायला कुणी नसतं. मी एकटा पडलोय गं, उगाच कशाला लपवू? परवा सवयीने तिघांचा स्वयंपाक केला आणि तो संपवता संपवता नाकी नऊ आले.

आता एक बातमी देतो, पण खुर्चीवर बसून वाच. इथल्या चर्चमध्ये मला यंदा सांता केलं. पाळकांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, उशी आणायचा खर्च वाचला. नाही म्हणायच्या आत टोपी माझ्या डोक्यावर होती. तू हे वाचून कपाळावर हात मारला असशील. तुझ्या नवऱ्याने, म्हणजे जो कोण मी आता तुझा आहे त्याने, शेवटी दाढी लावलीच!

आठवतं ना, भिंगरी पाळण्यात होती तेव्हापासून, तिला सांता खरा म्हणून सांगायचा का, यावरून आपली जुंपली होती. तू पाळकाची मुलगी. लहानपणी तुझा सांतावर पक्का विश्वास होता. मग एका नाताळात दाढी सरकली आणि आत चर्चचा झाडूवाला निघाला. त्या दिवशी तू वडिलांना विचारलंस की मग येशूच्या जागी कोण असतं? त्यांनी तुला भेट उघडायला पिटाळलं, आणि ते पिटाळणं तू जन्मभर विसरली नाहीस. म्हणून तुझं ठाम म्हणणं, माझ्या लेकीला दोन गोष्टी एकाच तोंडाने सांगायच्या नाहीत, एक खरी आणि एक खोटी. शिवाय वाढदिवस एकाचा आणि भाव खाऊन जाणार दुसराच, हे कुठल्या घरात चालतं, असंही वर ऐकवलंस. भेट ज्याने दिली त्याचं नाव त्यावर हवं. मुलाला कळलं पाहिजे, आपल्यासाठी कोण झिजतंय.

माझ्याकडे असलं वजनदार काही नव्हतं. माझ्याकडे एक कोट होता. वडील गेले त्या वर्षी नाताळच्या सकाळी दारात खोकं मिळालं. त्यात माझ्या मापाचा लोकरीचा कोट होता. आई म्हणाली सांताने ठेवला. तेव्हा आमच्यावर सगळ्यांनीच दया दाखवायला सुरुवात केली होती, आणि दया करणाऱ्याला समोर बघून हसावं लागतं, हे मी शिकत होतो. त्या कोटासाठी मात्र कुणापुढे हसावं लागलं नाही. थंडीभर ताठ मानेने घातला. मोठेपणी आईला विचारलं की चर्चच्या मंडळीतलं नेमकं कोण होतं? तिलाही ठाऊक नव्हतं. या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही म्हणतात ना, ते त्या माणसाने अक्षरशः पाळलं. हे सगळं मी तुला सांगितलं, तू ऐकलंस, डोळे पुसलेस आणि म्हणालीस, तरी सांता नाही.

मग भिंगरीने शाळेत जाऊन दिवे लावले. सगळ्या वर्गाला जाहीर सांगून टाकलं की सांता वगैरे कुणी नसतो, कपडे भाड्याने मिळतात. एक पोरगा तर रडून आजारी पडला. त्याची आई, मावशी आणि आणखी दोघी आपल्या दारात. तू हेडबाई, शब्दावरून कधी न हटणारी, पण त्या दिवशी तुझा चेहरा बघण्यासारखा होता. खरं बोलणाऱ्या पोरीला रागवायचं तरी कसं? त्यातूनच तू बिननावाचं खोकं काढलंस. नाताळच्या झाडाखालच्या सगळ्या भेटींवर नावं असतील, एकावर मात्र नसेल. ते कुणी ठेवलं हे विचारायचं नाही, ठेवणाऱ्याने सांगायचं नाही, आभार प्रार्थनेत मानायचे. दुसऱ्यांच्या घरचा सांता म्हणजे त्यांचं खोकं, ते आपण फोडायचं नाही. कुणी खोटं बोललं नाही आणि माझा कोटही राहिला. त्या वेळी तुला सांगितलं नाही, पण मला तुझा फार अभिमान वाटला होता. तशा मी तुला बऱ्याच चांगल्या गोष्टी त्या त्या वेळी सांगितल्या नाहीत.

तिच्या वाढदिवसाला मी पाठवलेलं पार्सल जसंच्या तसं परत आलं. चिकटपट्टीसुद्धा उचकटलेली नव्हती. वर "प्रेषक" म्हणून माझं नाव मीच ठळक लिहिलं होतं. तू तिला समजावलं असणार, मला खात्री आहे. ते पार्सल पलंगाखाली आहे. मीही उघडलं नाही.

गेल्या रविवारी मुलांचा कार्यक्रम झाला. मी लाल कपडे घालून बसलो आणि एकेक पोर मांडीवर येऊन कानात काय हवं ते सांगून गेलं. कुणाला सायकल, कुणाला कुत्रा, एकीला धाकटा भाऊ परत द्यायचा होता. धंद्याची सवय, मी प्रत्येकाचे पाय बघत होतो. एकाचा अंगठा दबत होता, त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं. मग भिंगरीच्या वयाची एक जण बसली. तिच्या पायांकडे बघितलं आणि पुढचं तिने काय मागितलं ते मला ऐकूच आलं नाही. दाढी होती म्हणून निभावलं. इथल्या तमाम पोरांना काय हवं ते मला तोंडपाठ आहे, आणि आपल्या पोरीला यंदा काय हवं याचा पत्ता नाही.

तर आता कामाचं बोलतो. यंदाचं बिननावाचं खोकं मला भरू दे. तिला बूट करीन म्हणतो, मऊ चामड्याचे, घोट्यापर्यंत येणारे. नाव घातलं की घेणाऱ्यावर ओझं येतं, आभार मानायचे नाहीतर परत पाठवायचं. तिला माझे आभार मानायचे नाहीत, ठीक आहे, तो तिचा हक्क. हे घ्यायला तिला मला माफ करावं लागणार नाही. टाके बघून ती ओळखेल, माझी शिवण तिला लांबून कळते. ओळखू दे. तिने विचारायचं नाही, मी सांगायचं नाही, आणि तुला खोटं बोलावं लागणार नाही, नियम तुझाच आहे. अडचण एकच आहे. तिला सरळ उभी करून दोन्ही पावलं कागदावर पेन्सिलीने गिरवून पाठव. दोन्ही हवीत, डावं थोडं मोठं आहे. माझ्याकडे आहे ते माप मी निघालो तेव्हाचं, आणि या वयात पाय कुणासाठी थांबत नाहीत. जगाच्या पायांची मापं घेतली, हेडबाई, आणि पोटच्या पोरीचं माप पत्राने मागवतोय.

तुझाच (दुसरा शब्द सुचला असता तर तोच लिहिला असता),
भिंगरीचा बाबा