आप्पांची सरदारकी सुटली, त्याची हकिकत

कुंभारी, सोमवार सकाळ

ति. धुळामामा,

तुमच्या नि मामीच्या पायांवर डोकं ठेवूनच एक प्रश्न विचारते, म्हणजे रागावता येणार नाही. सहाशे वर्षांपूर्वी आपली माणसं काय करत होती? मी इतिहासात बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मंगळवेढ्यात पेढे वाटलेत (त्यातले अर्धे तुम्हीच खाल्ले, असं मामी म्हणते), पण मला याचं उत्तर येत नाही. गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? लंगडी मेंढी व्याली का? आम्ही बरे आहोत. निदान शनिवारपर्यंत होतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचं घर जुन्या काळात राहायला जातं. गुरुबसप्पा सर म्हणून निवृत्त शिक्षक आहेत, त्यांचं मंडळ किल्ल्याजवळच्या मैदानात सहाशे वर्षांपूर्वीची छावणी उभी करतं. तंबू, चुली, ढाली, भाले, सगळं. आपण त्या काळातली माणसं होऊन दिवसभर वावरायचं, शाळेची पोरं बघायला येतात. लोक सिनेमाला जातात, आम्ही तिकडे जातो. कल्पना माझी. मला वाटलं, पुस्तकातला इतिहास माझ्या घरानं एकदा अंगावर घालून बघावा.

आप्पांना मिशांमुळे सरदार केलं. आठवडाभर चादरीच्या कारखान्याच्या गेटवर मालकाच्या गाडीला सॅल्यूट ठोकणारा माणूस, त्याला रविवारी आठ जण मुजरा करणार! मला भरून आलं होतं. पण आप्पांचा हात कुणाचं ऐकत नाही. समोरच्यानं मुजरा केला की हे टाचा जुळवून सॅल्यूट करतात. हात मोकळा राहू नये म्हणून सरांनी तलवार दिली, तर तलवारीसकट सॅल्यूट केला नि पगडी चुलीजवळ जाऊन पडली. आईचं दुखणं वेगळं. त्या काळी इकडे नसलेलं काहीही छावणीत येणार नाही, असा माझा नियम. चहा नाही, बटाटा नाही, मिरची नाही, शेंगासुद्धा नाहीत (हे सगळं नंतर बाहेरून आलं, मामा, पुस्तकात दाखवीन). सोलापुरात शेंगाचटणी बंद म्हटल्यावर आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग काय खाऊन लढत हुती गं ती? वारा?" शेवटी भाकरी, लसूण नि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं असा बेत ठरला. दुपारी सरदारांच्या तंबूतून खमंग वास आला म्हणून गेले, तर आईनं ढालीखाली चटणीचा डबा लपवलेला नि सगळं सैन्य भाकरी घेऊन रांगेत. पहिला नंबर गुरुबसप्पा सरांचा.

हे झालं मागचं. कालची गोष्ट निराळी. सरांनी देखाव्यासाठी दोन मेंढरं कुठूनशी मागून आणली होती. ढोल वाजला तशी ती बुजली, दोर तोडून रस्त्याकडे सुटली. मागून भालेवाले धावले, ढालवाले धावले, नि लष्कर जितकं धावेल तितकी मेंढरं पुढे. आप्पा जागचे हलले नाहीत. पगडी काढून माझ्या हातात दिली नि कळप वळवायची ती हाक घातली. नऊ वर्षांत ऐकली नव्हती, मामा. मेंढरं थांबली, वळली नि येऊन सरदारांच्या जरीच्या अंगरख्याला नाक घासू लागली. (कुठल्या कळपातली होती देव जाणे, आप्पांना ओळखायचं त्यांना काही कारण नव्हतं.) आप्पा मातीत फतकल मारून बसले, एकीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढू लागले. महेजबीन नावाची एक शाळकरी मुलगी शेजारी उकिडवी बसली नि म्हणाली, "काका, तुम्ही खरे सरदार हाव का?"

"न्हाय बाळा, मी मेंढका हाय."

"मग तुमची माणसं तवा कुटं होती?"

आप्पांनी मान वर करून माझ्याकडे बोट केलं. "ते आमच्या सृष्टीला इचार. ती शिकलीया."

शिकलेली सृष्टी पगडी धरून उभी! माझ्या पुस्तकांत राजे आहेत, सरदार आहेत, घोड्यांचीसुद्धा नावं आहेत. पण ते सैन्य थंडीत पांघरत काय होतं, ती लोकर कुणी कातरली, हे मला तीन वर्षांत कुणी विचारलं नाही नि मीही कुणाला विचारलं नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "हात धुवा की, वास येतुया." आप्पा म्हणाले, "येऊ दे." नि तसेच जेवायला बसले. मला तो दिवस आठवला, माझ्या शाळेसाठी त्यांनी आपली मेंढरं तुमच्या कळपात सोडली नि आम्ही एसटीत बसलो तो. सगळ्या वाटेत आप्पांनी एकदाही मागे बघितलं नाही. मी त्याला प्रगती समजले होते.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भाची,
सृष्टी

ता. क. : मामी फोनवर म्हणाली, बुधवारी व्यापारी येणार नि सगळा कळप जाणार. तुमचा गुडघा साथ देत नाही, कळतंय मला. पण दहा मेंढ्या राखा. लंगडी त्यांत हवीच, ती आप्पांच्या मेंढीची नात आहे. आमच्या घरामागे माळ मोकळा आहे. आप्पांची ड्युटी दुपारी दोनला लागते, तोवर ते चारतील, पुढे आई आहे.

आणखी ता. क. : सरांच्या वहीत आप्पांच्या नावापुढचं 'सरदार' मी खोडलं नि 'मेंढका' लिहून आले. सर म्हणाले, "आणि चटणी?" त्यावर मी विचार करते म्हणाले.

शेवटचा ता. क., पाकीट चिकटवायच्या आधी : हे पत्र आप्पांच्याच हाती देतेय. छावणीसाठी तुमच्याकडचं जुनं घोंगडं आणायला आज रजा टाकून जा, असं मी त्यांना सांगितलंय. बिरप्पाचा टेम्पो ठरवून दिलाय, तो दारात उभा आहे. एका घोंगड्यासाठी टेम्पो कशाला, असं आप्पांनी विचारलं नाही. आत्ता खिडकीतून बघतेय तर मागच्या हौद्यात गवत अंथरतायत.