दोन गाठींचा बांबू

बाबा, ज्या बांबूच्या डेपोत तुम्ही मुन्शी होता, तिथला माल आता माझ्याच कारखान्यात येतो. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता बल्लारपूरला, कागदाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. या हंगामात लगदा कच्चा उतरत होता. नवा तोडलेला बांबू लवकर शिजतो, वर्षभर पडलेला उशिरा, आणि दोन्ही एकत्र शिजवले की घोटाळा होतो. नदीतून तरंगत आलेला जुना बांबूही नव्याइतकाच ओला असतो, त्यामुळे ओलावा मोजून वय कळत नाही. ते डेपोलाच ठाऊक असतं, आणि डेपो सांगत नाही. आणखी एक खेप बिघडली तर माझी जागा राहणार नाही, असं साहेब शांतपणे म्हणाले.

म्हणून मी गोंडपिपरीच्या बाजूला आपल्या डेपोवर गेले. तुमच्या जागेवरच्या मुन्शींनी चहा दिला, तुमची आठवण काढली आणि विषय टाळला. मी पुन्हा विचारलं.

"बाई, तुमाले सांगतलं का तुमच्या खरेदीच्या हापिसाले कळते. नवा म्हटलं का ओला म्हणून वजन कापते. तुमचे बाबा असते तं त्यायनंच तुमाले उठवलं असतं इथून."

मला माझ्या शाळेच्या दिवसांतलं आपलं स्वयंपाकघर दिसतं. कारखान्याचा माणूस पाटावर बसला आहे, आई त्याला भात वाढते आहे. बांबू कधी तोडला, असं तो सहज विचारतो. मी तोंड उघडते. "तू जेव," तुम्ही म्हणता. तो गेल्यावर म्हणालात, "मागच्या साली म्या खरं सांगतलं. तोडनाऱ्यायची मजुरी कापली त्यायनं." पुढे जेवला नाहीत.

हापिसाला कळू द्यायचं नाही, या अटीवर मुन्शींशी अखेर ठरलं. नव्या बांबूच्या मोळीला पळसाच्या मुळीच्या दोराच्या दोन गाठी, जुन्याच्या मोळीला एक. ही खूण कारखान्यात फक्त बांबू शिजवणाऱ्या मिस्त्रींना आणि मला ठाऊक. नव्या-जुन्या मोळ्या वेगवेगळ्या शिजू लागल्या, लगदा सुधारला. काल खरेदीच्या हापिसातून विचारणा आली, बांबूचं वय कसं ओळखता? मी ओलावा मोजण्याची रीत सविस्तर लिहून दिली. तिच्यात एकही वाक्य खोटं नाही. उत्तर मात्र ते नव्हे. फार थकले आहे.

हे पत्र चुलीत घालायला हवं, गाठींचं त्यात लिहिलं आहे. हा कागद आमच्याच कारखान्याचा, याच हंगामातला आहे, चांगला उतरलाय. अजून घातलेलं नाही.